ओल्या अंगणातला जॅक

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता नावागावासकट विसरलो. पेण तालुक्यातल्या त्या मायलेकांचं मात्र विसरलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

वडखळच्या पुढे खाडीकडे उतरलं की त्यांचं गाव. नावं सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. बाप लवकर गेला. आईने मिठागरात डोक्यावरून मीठ वाहून दोन मुलगे वाढवले. खाऱ्या पाण्याने तिच्या टाचा अशा फुटल्या होत्या की चप्पल घालता येत नसे. मुलगे हाताशी आले, राबले, आणि एक जुनी मोटार घेऊन पेण-रोहा भाडी मारू लागले. धाटावच्या कारखान्यांतल्या शिफ्टची माणसं त्यांची ठरलेली.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पाऊस नुकताच संपला होता. सकाळी ठाण्यात खबर आली, थोरला भाऊ दारातच गाडीखाली सापडला. मागचं चाक काढून, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तो खाली शिरला होता. शेजाऱ्यांनी वासे घालून गाडी उचलली आणि त्याला बेशुद्धच अलिबागच्या दवाखान्यात नेलं. आई बरोबर गेली.

स्टेशन डायरीला नोंद करून पंचनाम्याला गेलो, तर शेजारी वाटेतच आडवा आला.

"सायेब, अपघात नाय हा. सकालीच दोघं भांडलेत. 'मर तिकडंच गाडीखाली,' असं धाकटा बोल्ला, माझ्या कानानं ऐकलंय. आन् आता फावडं घेऊन माती सारखी करतोय. भाऊ दवाखान्यात आन् ह्यो अंगन नीट करतोय व्हय?"

तो खोटं बोलत नव्हता. खबर देणाऱ्याचं बहुधा असंच असतं. पाहिलेलं खरं असतं, लावलेला अर्थ त्याचा असतो.

गाडीजवळ परातीएवढा खड्डा ताज्या मातीने बुजवलेला होता. धाकट्याच्या हातात फावडं. त्याला ठाण्यात आणलं. हवालदार म्हणाले, "साहेब, पुरावा नष्ट करताना सापडलाय. तीनशे सात लावू, खुनाचा प्रयत्न, अजून काय पाहिजे?"

मी काही विचारायच्या आतच पोरगा म्हणाला, "व्हय सायेब, मीच केलं. जॅक उतरवला."

इतक्या घाईने कबूल होणारा माणूस मला नेहमीच खटकतो. चहा मागवला.

"पूर्ण उतरवलास?"

"पूर्ण."

जप्त केलेला जॅक मी टेबलावर ठेवला. स्क्रू वरपर्यंत चढलेला. "हा तर अजून चढलेलाच आहे. कोणी उतरवलाच नाही. आणि तळाला ही चार बोटं ओली माती कुठली?"

तो ती माती अंगठ्याने खरवडून काढू लागला.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा अभिमान मला आजही आहे. पण ही माती मी कॉलेजात शिकलो नव्हतो. पाऊस संपला की माझी आईसुद्धा अंगण उकरायची, नवी माती घालून पाणी मारायची, लाकडी चोपणीने चोपायची आणि वरून सारवायची. वरून टणक दिसलं तरी ते आत कितीतरी दिवस ओलं राहतं. माणूस चालला तर कळत नाही. गाडीचा भार जॅकच्या वीतभर तळावर आला, की तळ रुततो, जॅक कलतो.

"अंगण कोणी केलं?"

तेव्हा तो रडू लागला. "आयेनं. तिला सांगू नका, सायेब. तिच्या अंगनानं पोराला खाल्लं असं कललं तर ती जगायची नाय. मला घाला आत."

"किती वर्षं जातील, ठाऊक आहे?"

"जाऊ देत की."

"गाढवा!" दारातून आवाज आला. आई उभी होती, फडक्यात भाकरी बांधून. "खड्डा बुजवलास तो मला दिसला नाय व्हय? चार दिस चोपलंय मी ते. दवाखान्यातनं येऊन अंगनात पाय टाकला तवाच कललं. थोरल्याला बोल्ले व्हते, वल्लं हाय, गाडी रस्त्यावर लाव. त्यानं ऐकलं नाय, आन् तू जेल मागतोस. दोनी पोरं येडी निपजली. थोरला सुदीवर आलाय, तुझंच नाव घेतोय. खा आदी."

हवालदार भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

भाकरी खाऊन झाल्यावर खरा जबाब झाला. सकाळचं भांडणही त्यावरूनच होतं. धाकटा सांगत होता, नुसत्या जॅकवर खाली शिरू नको. थोरला ऐकेना, म्हणून चिडून तो तसं बोलला होता. पुढे थोरल्याच्या जबाबातही तेच आलं.

रागात बोललेला शब्द कागदावर घेण्याआधी तो कशाच्या काळजीने बोलला गेला हे विचारावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो. दुसरं शिकलो ते पेण नाक्यावर आणि पुढे रोह्याला प्रत्येक ड्रायव्हरला ऐकवत राहिलो. बाबा रे, जॅक उचलण्यापुरता, भार पेलायला ठोकळेच हवेत. गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर घे. जमिनीवरच्या चाकांना पुढूनमागून दगड लाव, सांगाड्याखाली भक्कम लाकडी ठोकळे दे, काढलेलं चाकही आत सरकव. मग गाडी हलवून बघ. आणि घरात कोणाला तरी सांगून मगच खाली शीर. ड्रायव्हर हसायचे, "सायेबांचं कीर्तन चालू झालं." हसू देत.

थोरला तीन महिन्यांनी स्वतःच्या पायांनी घरी आला. धाकट्यावर गुन्हा दाखल झाला नाही. दोघांनी मिळून रस्त्याला लागून गाडीपुरता सिमेंटचा कोबा घातला, आणि ठोकळे लावल्याशिवाय त्या घरातला माणूस पुन्हा गाडीखाली गेला नाही.