ओकारीची नक्कल

"ओकून दाखव."

साहेब टेबलावर बसला होता, बूट खुर्चीवर. सोमवारची सकाळची मीटिंग. आम्ही सारे पोट्टे-पोट्ट्या उभे. सदर बाजारातलं काचेचं ऑफिस, एसी असा का पाठ गोठे. काम काय, तं फोनवर ले-आउटचे प्लॉट विकायचं. कळमेश्वर रोडवर ज्या वावरातली बोरं मी लहानपणी चोरली, त्याच वावराचे तुकडे पुण्याच्या लोकायले विकून राहिलो होतो. साहेब आमचा मॅनेजर, मालकाचा भाचा. त्याले काहीच विकावं लागत नव्हतं.

"शुक्रवारी मॅडमला काय म्हणालास? जिना चढताना पोटात कळ येते. रोज बाथरूममध्ये ओकतोस. मिमिक्री करतोस ना तू? मग कर. तुझ्या ओकण्याची कर."

ही गोष्ट मी माह्या मायलेबी सांगितली नव्हती.

मॅडम कंपनीनंच बोलावली होती. मनाच्या तब्येतीचा क्लास म्हणे. तिनं खुर्च्या गोल मांडल्या, एकेकाले पिवळ्या हसऱ्या तोंडाची उशी देल्ली अन् म्हणाली, "इथे तुम्ही सुरक्षित आहात. मोकळं बोला. इथली गोष्ट इथेच राहील." एवढ्या गोड आवाजात त्या ऑफिसात आमच्याशी कोणी बोललंच नव्हतं. मी तं शाळेत हेडमास्तरची नक्कल करून मार खाल्लेला पोट्टा. आधी दोनचार आवाज काढले, सगळ्यायले हसवलं. मंग उशी पोटाशी धरली अन् खरं बोलून बसलो. साहेब फायली फेकते. कानाखाली देते. टार्गेट नाही झालं का मुर्गा बनवते. मुर्गा बनलो का मी कोंबड्यावानी आरवतो. लोक हसते, साहेबबी हसते, मार कमी बसते. म्हणून आरवतो. अन् मंग ते पोटाचं सांगितलं.

माह्यानंतर भास्करभाऊ बोलले. आमच्यात सगळ्यात मोठे. कारखाना बंद पडला तवा इथं फोनवर बसले. दोन पोरीयचे बाप. म्हणाले, "घरी जायच्या आधी पार्किंगमध्ये हेल्मेट घालून रडतो. काच खाली केली का कोणाले दिसत नाही." मॅडमनं डोळे पुसले.

सोमवारी सगळं साहेबापाशी पोचलं होतं. शब्दाले शब्द.

तं मी ओकलो. गुडघे टेकले, पोट आत ओढलं, गळ्यातून तो आवाज काढला, डोळ्यात पाणी आणलं. चांगली झाली. माही कोणतीच नक्कल वाईट होत नाही, हाच माहा रोग. लोक हसले. काही खाली पाहून हसले, पण हसले. साहेबानं टाळ्या वाजवल्या.

"एक नंबर. आता याची." बोट भास्करभाऊकडं. "हेल्मेटवाली."

भास्करभाऊनं माह्याकडं पाहिलं. विनवणी नव्हती त्यायच्या नजरेत. नुसती मान खाली घातली. मी करीनच, असं धरून उभे होते ते. तेच मले लागलं. पुढं ओठ फाटला तवाबी एवढं नाही लागलं.

"नाही करत," मी म्हणालो.

"काय?"

"माही केली. त्यायची नाही करत."

हेडफोन आला थेट तोंडावर. ओठ फाटला. मंग त्यानं केस धरले अन् माहं डोकं काचेच्या पार्टिशनवर आपटलं. परत आपटलं. काच भल्ली मजबूत, फुटली नाही. "साला देहाती. मोकळं बोला म्हटलं तर डोक्यावर बसतो?" दाताईवर रक्त आलं. तो परत डोकं मागं ओढून राहिला होता, तवा मी त्याचं मनगट धरलं अन् पिरगाळलं. कटकन वाजलं. साहेब गुडघ्यावर आला. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मले तिथंच पाठ झाला.

माहा दुसरा हात वर होता. मूठ आवळलेली. समोर त्याचं नाक. खरं सांगतो, ते नाक गालात घालायचं होतं मले. भास्करभाऊनं मागून कमरेले मिठी मारली.

"सोड गा. तू मारशील तं केस तुह्यावरच बसन. सोड."

सोडला. एवढ्या लोकायच्या हातात मोबाईल. एकानंबी व्हिडिओ काढला नाही.

खाली रस्त्यावरून मी मॅडमले फोन लावला. "तुम्ही काहून सांगितलं?"

"अरे, मी फक्त फीडबॅक दिला. तू हे पर्सनली घेऊ नकोस."

फोनच्या काचेवर माहं रक्त लागलं होतं. यापेक्षा पर्सनल काय असते, बाई?

तिथून आम्ही दोघं ठाण्यात गेलो. हवालदारानं चहा पीत पीत ऐकलं. "मिटवून टाका. नोकरीचा सवाल आहे." भास्करभाऊ भोळा माणूस. काम व्हावं म्हणून बोलून गेले, "साहेब, हा नकला लय भारी करते."

हवालदार खुलला. "अस्सं? मंग त्या मॅनेजरची करून दाखव बरं. मंग लिहितो."

जिभेवरच होता तो आवाज, गुडघ्यावर आलेल्या साहेबाचा. अख्खं ठाणं हसलं असतं. अन् हसून झाल्यावर पाठीवर थाप मारून आम्हाले घरी पाठवलं असतं. आजपर्यंत मी ज्याले ज्याले हसवलं, त्यातल्या एकानंबी माहं कधी काही ऐकून घेतलं नाही.

"आधी लिहा," मी म्हणालो.

"अबे, गंमत..."

"गंमत नाही साहेब. ओठ फाडला, लिहा. डोकं आपटलं, लिहा. या माणसाले त्याच्याच रडण्याची नक्कल पाहायले उभं केलं, तेबी लिहा."

"रडण्याचं कलम नसते."

"मंग जे असन त्याच्यात लिहा."

आम्ही बाकड्यावर बसलो. तो चिडला, दुसऱ्या कामाले गेला, परत आला. आम्ही बसूनच. शेवटी लिहिलं. माह्या सांगण्याखाली भास्करभाऊनं सही केली.

आता मालकाचे निरोप येऊन राहिले. केस मागं घे, माफी माग, खुर्ची परत देतो. मले ते खुर्ची नाही पाहिजे. केस मी मागं घेत नाही. कोर्टात उभं केलं तं माह्याच आवाजात सांगीन, एकबी नक्कल न करता. मार कमी बसावा म्हणून आता कोणाले हसवणार नाही. अन् उद्या परत कोणी माह्यावर हात उचलला, तं मी मनगटावर थांबीन असा भरवसा कोणी धरू नये.