पॅचवरचा वाकडा माड

उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एका सिंधी शेठच्या भरतकामाच्या कारखान्यात मी बरीच वर्षं काम करते. मशीनवरून उतरलेल्या पॅचचे, म्हणजे गणवेशावर लावायच्या कापडी बिल्ल्यांचे, सुटे धागे कापायचे, कडा साफ करायच्या. माल बहुतेक शाळांचा, नाहीतर सिक्युरिटीवाल्यांचा. मागच्या वर्षी मात्र नौदलाचे पॅच आले, आणि ते काम माझ्या मुलीनेच आणलं.

ती नौदलात हेलिकॉप्टरच्या इंजिनांची देखभाल करते. तिच्या स्क्वाड्रनची एक तुकडी, तिच्यासह, सरावासाठी दुसऱ्या किनाऱ्यावर गेली होती. असा सराव संपला की आठवण म्हणून खास पॅच करून घेतात आणि गणवेशावर लावतात. सुट्टीत ती वांगणीला घरी आली ती डिझाइन मोबाइलमध्ये घेऊनच. शेठनेही कौतुकाने तिचं काम आधी घेतलं.

नमुना तयार झाला त्या दिवशी तीही कारखान्यात माझ्याशेजारी बसली होती. वर हेलिकॉप्टर, खाली लाटा आणि कडेला पार वाकलेला एक माड. मला वाटलं, मशीनवर कापड सरकलं. शेठना दाखवायला उठले, तर तिने हात धरून बसवलं. माड वाकडाच हवाय म्हणाली.

का, म्हणून मी विचारलं. मग माझ्याबरोबर धागे कापता कापता ती सांगू लागली. सरावात एकदा समुद्रावर असताना इंजिनात बिघाड झाला. पायलटने हेलिकॉप्टर कसंबसं किनाऱ्यापर्यंत आणलं आणि तिथल्या अशाच वाकलेल्या माडाशेजारी उतरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"तू आत होतीस?"

"होते."

त्या दिवसांत फोनवर ती मला जेवण छान आहे, हवा छान आहे, एवढंच सांगायची. मला रागही आला आणि रडूही. मी कात्री खाली ठेवली. उरलेलं काम तिनेच केलं.

घरी जाताना मी तिला म्हटलं, यापुढे मला खरं काय ते सांगत जा.

"मग तूही सांग. तुझ्या गुडघ्याचं मला शेजारच्या काकूंकडून कळतं."

आता ती फोनवर सांगते. आज वारा फार होता, आज उड्डाण रद्द झालं, आज जरा भीती वाटली. मला त्यातलं सगळं समजत नाही, आणि जे समजतं त्याने जीव थाऱ्यावर राहत नाही. तरी मी विचारते. डॉक्टरांनी मला जिने चढू नको म्हटलंय, तेही तिला सांगून टाकलं.