सोजरबाईंचा रतीब आणि काकांचे माफीअर्ज

अन्याय झाला तो दूधवाल्या सोजरबाईंवर, गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, राहुरीत. आणि तो मी केला. ही अशी सुरुवात करण्याची रीत माझी नाही, माझ्या मावशीच्या यजमानांची, म्हणजे काकांची आहे. माफी कशी मागावी हे त्यांच्याएवढं कळणारा माणूस राहुरी तालुक्यात झालेला नाही आणि होणारही नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे. मी आजवर फक्त निषेधाची पत्रकं लिहिली. माफी ही समोरच्याने मागायची गोष्ट असते, अशी माझी पक्की समजूत होती.

काकांनी उभं आयुष्य कचेरीसमोरच्या टपरीत लोकांचे अर्ज लिहिण्यात घालवलं. सातबाऱ्यावरची चुकलेली नोंद म्हणू नका, रेशनकार्डातलं गळालेलं नाव म्हणू नका, बांधावरचं भांडण म्हणू नका. पुढे सगळं ऑनलाइन झालं, गिऱ्हाईक आटलं आणि मुलाने त्यांच्या हातात मोबाईल ठेवला. काकांनी त्या मोबाईलची कचेरी केली. भाचीने लग्नाचे फोटो टाकले, तर खाली काकांची कमेंट : 'अवलोकन केले. जोडा योग्य आहे.' पुतण्याच्या वाढदिवसाला 'विषय : वाढदिवसाबाबत' असं लिहून शेवटी 'तरी आपण दीर्घायुषी व्हावे, ही नम्र विनंती.' निरोपाला उत्तर आलं नाही, की तिसऱ्या दिवशी 'स्मरणपत्र क्रमांक एक' ठरलेलं. भाऊबंदांच्या ग्रुपवर एकदा वाटणीवरून पेटलं, तेव्हा सगळे तणतणत बाहेर पडले. काकांनी मात्र ग्रुप सोडण्याची रीतसर सात दिवसांची नोटीस दिली. सातव्या दिवशी बघतात तर ग्रुपमध्ये ते एकटेच उरलेले.

माफीचा धंदा सुरू झाला तो एका पैलवानामुळे. त्याने भर ग्रुपवर आपल्या दाजींना नको ते म्हटलं होतं आणि बहीण माहेरी येऊन बसली होती. मी तेव्हा टपरीतच होते.

"नेमकं काय म्हणालास?" काकांनी पेन उघडलं.

"जाऊ द्या ना काका. बाईमाणूस हाय इथं."

"संदर्भात लिव्हावं लागंल. स्क्रीनशॉट जोडायचाय सहपत्र म्हणून. बोल."

मग अर्ज उतरला : 'मी आपणांस बिनशेपटीचा बैल असे संबोधले. सदर विधान वस्तुस्थितीस धरून नाही, सबब मागे घेत आहे.' पैलवान आपलंच वाक्य वाचून इतका हसला की बाकडं हललं. संध्याकाळी दाजींचं उत्तर आलं : 'वस्तुस्थिती पाहण्यास जेवायला यावे.' तेव्हापासून पार संगमनेरहून लोक काकांकडे माफी लिहून घ्यायला येतात.

आता माझं. दुधातल्या भेसळीविरुद्ध आमची मोहीम जोरात होती आणि मला पुरावा हवा होता. त्या मंगळवारी सोजरबाई कोपऱ्यावर कॅनमध्ये तांब्याने पाणी ओतताना दिसल्या, आत पांढरं. मी फोटो काढला, वर लिहिलं, 'तुमच्या लेकरांच्या दुधात पाणी ओतणारे हात ओळखा!' आणि दिला सोडून. दुपारपर्यंत माझाच फोटो मला चार ग्रुपवरून परत आला. दुसऱ्या दिवशी सोजरबाईंना दारोदार 'उद्यापासून नको' ऐकावं लागलं. त्या काय करत होत्या? रतीब घालून झाल्यावर रिकामी कॅन विसळत होत्या. ते विसळण रोज कोपऱ्यावरच्या दोन कुत्र्यांना घालतात. कुत्री फोटोत होती, जीभ काढून वाट बघत बसलेली. फोटो नीट दिसावा म्हणून मीच ती कापली होती.

हे कळलं तेव्हा मी माफी लिहून काकांकडे नेली : 'कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे.' काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कुणाच्या म्हंजे? त्या बाईला नाव न्हाई व्हय?"

"काका, सगळे असंच लिहितात."

"सगळ्यांचे अर्ज मी परत करतो. नाव लिही, वार लिही, टाइम लिही. अन् कुत्री कापली तेबी लिही."

"तेसुद्धा?"

"पोरी, खरं सहपत्र तेच हाय."

लिहिलं, टाकलं. फोटो तालुकाभर फिरला होता. माफीअर्ज आमच्या आळीच्या पुढे सरकेना. मग काकांनी त्याच्या प्रती काढल्या, लुनाला किक मारली आणि रतीब बंद केलेल्या प्रत्येक दारात जाऊन 'वाचले' म्हणून सह्या घेतल्या. लोक सही करत आणि म्हणत, "आमी कुठं खरं मानलं हुतं?" पण रतीब एकानेही पुन्हा लावला नाही; पिशवीतल्या दुधाची सवय झाली होती. मी सह्यांचा कागद घेऊन सोजरबाईंकडे गेले. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "कागद झ्याक हाय, ताई. पन ह्यात दूध वतता येतंय का?"

काकांनी त्यावर काही लिहिलं नाही. बंद पडलेले सगळे रतीब त्यांनी स्वतःच्या घरी लावले. घरात माणसं दोन. मावशी विरजण लावून दमली, खवा आटवून दमली, अन् शेवटी कडाडली, "आता आंगुळीलाबी दूधच काढू का तुमाला?" टपरीत येणाऱ्या गिऱ्हाइकाला हल्ली पाण्याचा थेंब नसलेला चहा मिळतो. तरी पेलाभर जास्तच होतं. ते काका सकाळी रतीब घेतानाच सोजरबाईंच्या समोर उभं राहून पितात, "ताजं हाय" म्हणतात आणि त्या वळल्या की पोट धरून खाटेवर टेकतात. त्यांना दूध पचत नाही. शेकडो अर्ज लिहिले या माणसाने, ही तक्रार तेवढी कधी कुठे नोंदवली नाही. गेल्या आठवड्यात ते मला बारीक दिसले.

तुम्ही तो फोटो पुढे पाठवला होता. नाही म्हणू नका. ज्या ज्या ग्रुपवर पाठवला, तिथे आज हे पाठवा, आणि उद्या सकाळी सोजरबाई तुमच्या गल्लीतून जातील तेव्हा त्यांना नावाने हाक मारून, पातेलं घेऊन दारात उभे राहा.