पाण्यातला गणपती

वसंतकाका गेले त्या रविवारी दुपारी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सुमनकाकूंनी मला पहिला प्रश्न विचारला, "मॅच कोण जिंकलं रे?" मला वाटलं, धक्क्याने बोलतायत. मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग देव काढू का पाण्यातून?" त्याला दीड महिना होऊन गेला.

काका रिटायर झाल्यावर इथे अमेरिकेत, चँडलरला आमच्या शेजारी राहायला आले. त्याआधीची सगळी नोकरी उत्तरेतल्या एका कडाक्याच्या थंडीच्या शहरात. तिथली अमेरिकन फुटबॉलची टीम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मग मालकाने ती नावारंगासकट उचलून दुसऱ्याच शहरात नेली. काही वर्षांनी जुन्या शहराला नवी टीम मिळाली, नव्या नावाची. यातली काकांची कुठली, हे मला कधीच कळलं नाही. ते दोघींच्या मॅच बघायचे, दोघींसाठी सारखेच ओरडायचे. छेडलं की म्हणायचे, "अरे, लेक सासरी गेली म्हणून परकी होते का? आणि सून आली, ती काय पाहुणी?"

मॅचच्या आधी देव्हाऱ्यातला बोटाएवढा पितळी गणपती वाटीभर पाण्यात जायचा. जिंकले की काका स्वतः त्याला काढून पुसायचे, हरले तर पुढच्या रविवारपर्यंत मुक्काम तिथेच. आपल्याकडे कुणाच्या आजारपणात, परीक्षेच्या निकालासाठी देव पाण्यात ठेवतात. फुटबॉलमधल्या टचडाउनच्या गुणांसाठी ठेवणारे मी तरी काकाच पाहिले. काकू वैतागायच्या, "अहो, सर्दी होईल त्याला!"

त्या रविवारी नेमक्या याच दोन टीम एकमेकींशी खेळत होत्या. काकांनी देव पाण्यात ठेवला, खुर्चीत बसले, आणि हाफटाइमला काकू चहा घेऊन आल्या तेव्हा...

कोणासाठी ठेवला होता? परवा त्यांची मुलगी म्हणाली, "आई, द गेम इज ओव्हर. जस्ट टेक हिम आउट." काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तू इतक्या मॅच बघितल्यास त्यांच्याबरोबर. सांग, कुणाच्या बाजूने होते?" खरंच माहीत नाही, म्हटलं. रागच आला काकांचा. एवढं सांगून जायला काय झालं होतं! आणि लगेच त्यांची इतकी आठवण आली की मला तिथे बसवेना.

"मग राहू दे," काकू म्हणाल्या. "जिंकले असते तर त्यांनीच उठून काढला असता."

गणपती अजून वाटीतच आहे. काकू रोज सकाळी पाणी बदलतात. हल्ली कोमट घालतात.