जोहराबीनं सोडलेली जागा

महागावकडून पूस नदीच्या काठाकाठानं आत गेलं की खडकसावंगा लागतं. खेडं म्हणावं तर मोठं, शहर म्हणावं तर शहराचं त्यात काही नाही. २०१५च्या सुमारास तिथली ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. जुन्या इमारतीवर नवा फलक लागला, गावाचे सतरा प्रभाग पडले आणि नदीकडचा, आठवडी बाजाराचा प्रभाग महिलेसाठी राखीव निघाला. तिथून जोहराबी निवडून आली.

जोहराबीचं वय तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास. घरचा धंदा पिंजाऱ्याचा. नवरा नासिर कापूस पिंजायचं यंत्र चालवायचा आणि ती गाद्या-रजया शिवायची. बाजाराच्या टोकाला, नगरपंचायतीच्या भाड्याच्या जागेवर त्यांची पत्र्याची शेड होती. पूर्वी लग्नसराईत तिथं पाय ठेवायला जागा नसे. पण त्या वर्षांत कापूस पिकवणाऱ्यांच्याच घरात कापूस टिकेनासा झाला होता. बोंडं भरत नव्हती, जे निघे त्याला भाव नव्हता. लोक मुलीच्या लग्नालाही जुनीच गादी घेऊन येत आणि पिंजून नुसती खोळ नवी घालून द्या म्हणत. जोहराबी कुणाला परत पाठवत नसे. जुन्या कापसातली धूळ जास्त, म्हणून तोंडाला ओढणी बांधून ती काम करी.

निवडणूक तिच्या मनातही नव्हती. कृषी केंद्रवाले वामनराव पुढे नगराध्यक्ष होणार होते, त्यांना या प्रभागात उमेदवार हवी होती. ते बोलले नासिरशी. पोस्टरवर नासिरचा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा होता. निवडून आल्यावर पहिल्या काही सभांना नासिर तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि तिच्या वतीनं बोललाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग नवे मुख्याधिकारी आले. त्यांनी सदस्यांच्या नवऱ्यांना बाहेर बसायला सांगितलं. तेव्हापासून जोहराबी सभेत एकटी बसू लागली. हात वर करायची वेळ आली की हात वर करायची, चहा प्यायची आणि शेडवर परत यायची.

असंच पुढंही चाललं असतं. पण एका उन्हाळ्यात भर बाजारात शकुबाई कोसळली.

शकुबाई नदीपलीकडच्या खेड्यातली. घरच्या मळ्यातली वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन ती दर बाजाराला यायची आणि जोहराबीच्या शेडच्या सावलीला बसायची. वीसेक वर्षांची ओळख, पण बोलणं बहुतेक भाव आणि पोरंबाळं एवढ्यापुरतंच. त्या दिवशी ती पोट धरून आडवी झाली. नासिरनं ऑटो आणला, दोघांनी तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या जागी संसर्ग आहे आणि तो पहिल्यांदा झालेला नाही. या बाई दिवसभर पाणीच पीत नाहीत. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्यावर शकुबाईनं जोहराबीकडे पाहिलं.

"त्यायले काय जाते सांगाले? पाणी पेऊन जाऊ कुठी?"

पूर्वी नदीच्या थडीला बाभळी होत्या, बायांना आडोसा मिळे. काठाचा रस्ता झाला तेव्हा त्या तोडल्या गेल्या. पुरुषांना कुठलीही भिंत चालत होती. खेड्यापाड्यांतून आलेल्या बाया सकाळी घोटभर पाणी पिऊन निघत आणि संध्याकाळी घरी जाऊनच पुन्हा पीत. जोहराबीचं घर बाजारापासून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणून इतक्या वर्षांत तिला हे कधी सुचलंच नव्हतं. शकुबाईच्या सलाईनजवळ बसून तिला ते एकदम दिसलं, आणि फार वाईट वाटलं.

पुढच्या सभेत गावाच्या वेशीवर कमान उभारायचा विषय होता. तो आटोपल्यावर जोहराबी उठली आणि म्हणाली की बाजारात बायांसाठी संडास-मुतारी पाहिजे. विरोध कुणीच केला नाही. अडलं ते जागेशी. मंदिराजवळ नको, मशिदीजवळ नको, शाळेच्या भिंतीला नको, हॉटेलवाल्यानं तर आधीच निरोप धाडला होता. विषय पुढच्या सभेवर गेला, तिथून त्याच्या पुढच्या. शेवटी वामनरावांनी शांतपणे विचारलं, "भाभी, गोष्ट बराबर आहे तुमची. पण जागा दाखवा. हवेत बांधू काय?"

"आमच्या शेडची अर्धी जागा घ्या," जोहराबी म्हणाली.

आपण हे बोलणार आहोत हे एक क्षण आधी तिलाही माहीत नव्हतं. ठराव तिथल्या तिथं मंजूर झाला.

ती घरी पोचायच्या आधीच नासिरला चहाच्या टपरीवर बातमी कळली होती. घरात ते दोघं हिंदीच बोलत.

"मेरेको पूछना तो था," जेवण झाल्यावर तो हात धुताना म्हणाला.

"पूछती तो तुम ना बोलते."

"हाँ," नासिर म्हणाला, "ना बोलता."

त्यानंतर बरेच दिवस तो कामापुरतं बोलत होता. जोहराबीनं समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. त्याच्या वडिलांनी बसवलेली शेड होती, आणि न विचारता दिली हे तिलाही खटकत होतं. पत्रे काढायला नगरपंचायतीची माणसं आली तेव्हा नासिरनं त्यांना हात लावू दिला नाही. स्वतः एकेक बोल्ट सोडवला, यंत्र उरलेल्या अर्ध्या भागात सरकवलं. कापसाचा ढीग घालायला जागा उरली नाही. गाद्या आता बाहेर रस्त्याकडेला चटई टाकून भराव्या लागत, आणि वारा सुटला की काम थांबे.

बांधकाम झालं, वामनरावांच्या नावाची पाटी लागली, फीत कापली गेली आणि दाराला कुलूप लागलं. नळजोडणी राहून गेली होती. बाजाराच्या दिवशी शकुबाई टोपलं उतरवून त्या दाराकडे पाहत राहिली.

"कुलूप पाह्यासाठी बांधलं का हे?"

जोहराबी कार्यालयात खेटे घालू लागली. तिथं रोज नवं कारण मिळे. एका सकाळी ती शेडवर आली तर नासिर शिडीवर होता. घरावरची पाण्याची टाकी त्यानं शेडवर आणून बसवली होती आणि शेडच्या बोअरचं पाणी तिच्यात चढवून पाइप भिंतीपलीकडे नेत होता.

"चाबी लेके आ," तो वरूनच म्हणाला. "बिना पानी का संडास बाजू में रखके मैं धंदा नहीं करता."

ती मुख्याधिकाऱ्यांकडे गेली आणि पाणी आलंय, आता किल्ली द्या, म्हणून समोर बसून राहिली. किल्ली तर मिळालीच, रोजच्या सफाईसाठी बाईही नेमून घेतली. पहिल्या बाजाराला बाया आधी लांबून पाहत होत्या. मग शकुबाई गेली, आणि तिच्यामागे ओळ लागली. नासिरनं यंत्र चालू केलं आणि बायांना संकोच नको म्हणून त्या दाराकडे पाठ फिरवून बसला. त्या संध्याकाळी मात्र त्यानं जोहराबीशी पूर्वीसारख्या गप्पा मारल्या.

मुदत संपली तेव्हा प्रभाग खुला झाला. वामनरावांनी विचारलं नाही आणि ती उभी राहिली नाही. पुढच्या हिवाळ्यात ती रजई शिवत बसली होती, तेव्हा बसस्टँडकडच्या प्रभागातल्या काही बाया शेडवर आल्या. स्टँडवरच्या संडासाला दारच नाही, अर्ज द्यायचा आहे, सोबत या, म्हणाल्या. जोहराबीनं सांगितलं की ती आता नगरसेविका नाही.

"म्हणूनच तं आलो," त्यातली एक म्हणाली. "आता तुमाले टाइम असंन."

जोहराबी हसली. दाभण खोळीत खोचलं, केसांवरचा कापूस झटकला आणि नासिरला सांगून त्यांच्यासोबत निघाली.