दोराचं चौथं टोक

सीमेवरच्या आमच्या लष्करी पोस्टवर एक नियम घोटून घेतलेला होता. बर्फावर चालताना सगळे एका दोरात, आणि कमरेचा हूक सांगितल्याशिवाय उघडायचा नाही. पुढे मी, हवालदार, वडखळचा. माझ्यामागे लान्स नाईक डॅनियल, रोह्याचा. त्याच्यामागे शिपाई संतोष, पेणचा, घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. मग आणखी दोघं. डॅनियल रोह्याहून आणलेले पोहे करायचा, म्हणून पोस्टवर आम्हा तिघांना 'पोहेवाले' म्हणत.

त्या सकाळची गस्त नेहमीचीच होती. संतोषच्या बुटाचा पट्टा सुटला. वाकताना दोर आड येतो म्हणून त्याने हूक काढला. कुणाला सांगितलं नाही. एक पाऊल बाजूला टाकलं आणि बर्फाखालच्या भेगेत गेला.

डॅनियल म्हणाला, "मी उतरतो." आम्ही त्याला दोराने खाली सोडलं. संतोषचा पाय मोडला होता. डॅनियलने स्वतःचा हूक काढून त्याला लावला. "आधी याला ओढा." संतोष वर आला आणि भेगेची कड खाली कोसळली.

मी रेडिओ घेतला. "एक जवान बर्फाखाली. मदत पाठवा. ओव्हर."

"कोण?"

"डॅनियल."

संध्याकाळी तो सापडला, श्वास नव्हता.

शवपेटीबरोबर मी रोह्याला आलो. संतोषही आला, पायाला प्लास्टर. घरच्यांना 'कर्तव्यावर असताना' एवढंच सांगायचा हुकूम होता. मी डॅनियलच्या आईला, मार्थामावशीला, हूक कुणी उघडला तेही सांगितलं. तिने संतोषला शाप द्यावा असं मला वाटत होतं. करावं तसं भरावं, हेच मी घरी शिकलेलो. मावशी उठून पेटीजवळ जाऊन बसली.

दफनभूमीत पाळकांची प्रार्थना संपली. पेटी उतरवायला दोन दोर, चार टोकं. मी आणि डॅनियलचे दोन चुलतभाऊ पुढे झालो. चौथं टोक मावशीने उचललं आणि कुणाला देईना.

"तो कुठं हाय?"

संतोष फाटकाबाहेर उभा होता. मी त्याला आणलं. तिने टोक पुढे केलं, तसा त्याने हात मागे घेतला.

"माझी लायकी नाय, मावशी."

"लायकी असती तर माफी कशाला लागली असती? मला देवानं अशीच दिली. धर."

तिचा चेहरा दगडासारखा होता. ओठ चावून रक्त आलेलं मी पाहिलं. संतोषने कुबडी टाकली, गुडघ्यावर बसला आणि दोर धरला.

पेटी सरळ उतरायची तर समोरासमोरच्या दोघांनी दोर सारखाच सैल सोडावा लागतो. त्याच्या समोर मी होतो. त्याच्या हातांकडे बघावंच लागलं.

मी संतोषला अजून माफ केलेलं नाही. मावशीला जमलं ते मला जमत नाही. पण दरवर्षी डॅनियल गेला त्या दिवशी दोघंही रोह्याला जातो आणि थडग्यावरचं गवत काढतो, तो एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. मधे डॅनियल असतो. गस्तीवरही तो आमच्या मधेच चालायचा.