मंजुरी येईपर्यंत

माझा मेहुणा इस्लामपूरला साखर कारखान्याच्या कार्यालयात नोकरीला आहे. तो वाईला आमच्याकडे आला की आमचा एक वाद ठरलेला असे. माझे म्हणणे असे की, राज्य सरकारने स्वतःचा आरोग्य विमा सर्वांसाठी खुला ठेवावा. ज्याला हवा त्याने हप्ता भरून तो घ्यावा, ज्याला नको त्याने खासगी कंपनीकडे जावे. खासगी कंपनी धडधाकट माणसाला आग्रहाने बोलावते आणि म्हाताऱ्याला दारातून परत पाठवते; सरकारचे दार शेजारीच उघडे असले, तर तिलाही थोडे नीट वागावे लागेल. नागरिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे हे सारे मी मुद्देसूद मांडत असे.

“दाजी, सरकारी म्हणलं की रांग आलीच,” तो म्हणे. “माणूस रांगंत मेला, तर तुमचा मुद्दा काय चुलीत घालायचा?”

“तुमच्या दोघांच्या विम्यात आमटी गार झाली,” असे म्हणून पत्नी वाद मिटवी.

पुढे तिलाच घाटाच्या पायऱ्या चढताना छातीत दुखू लागले. मधुमेहामुळे खासगी कंपनीने तिचा विमा पूर्वीच नाकारला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असल्याचे सांगितले. माझ्या मनातला विमा नव्हे, पण शिधापत्रिकेवर मोफत उपचार देणारी राज्याची योजना होती; तिच्यात हा उपचार होणारे एक रुग्णालय सांगलीत होते. तिचा हा भाऊही इस्लामपूरला, जवळच होता, म्हणून आम्ही तेथे गेलो; तोही येऊन पोहोचला.

शिधापत्रिकेची झेरॉक्स काढायला मी रस्त्यापलीकडे गेलो. परतलो तेव्हा पत्नी स्वतंत्र खोलीत, पडद्याआडच्या पलंगावर होती. मेहुण्याने नोंदणीच्या खिडकीवर सांगून टाकले होते, “योजना-बिजना काय नको. रोखीनं करा.”

त्याला रागावणेही अवघड होते. त्यांच्या घरची रीत अशी की, बहीण माहेरच्या मुलखात आली की तिच्या माणसांना खिशात हात घालू द्यायचा नाही. बाजारात, रसवंतीवर, एसटीच्या तिकिटालासुद्धा हे चालत आले होते. त्याने ते रुग्णालयालाही लागू केले. मात्र हा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. आम्हा दोघांची पुंजी एकत्र केली, तरी पुरली असती की नाही, याची मला शंका होती.

योजनेच्या टेबलावरच्या तरुणीने शांतपणे समजावले. रोखीची नोंद आधी रद्द करावी लागेल, मग नव्याने अर्ज करावा लागेल. त्यानंतर वरून मंजुरी येईल. ती आज येईल की उद्या, हे सांगता येणार नाही.

पत्नीच्या पलंगाशी आलेल्या तिथल्या डॉक्टरांना मी विचारले, “थांबणे सुरक्षित आहे का?”

“आत्ता प्रकृती स्थिर आहे. एकदम बिघडली, तर आपण थांबणार नाही. पण लवकर झालेलं बरं. उद्याची हमी मी देऊ शकत नाही.”

इतकी वर्षे ज्या तत्त्वाची बाजू मी घेत आलो, ते आता तिच्या छातीवर तोलले जात होते. आपण विचारपूर्वक थांबतो आहोत, की केवळ वादात हरायला नको म्हणून? मला स्वतःलाच कळेना.

“आवं दाजी, कारखान्यातनं उचल घेतो की मी!” मेहुणा म्हणाला. “आक्काला असं टांगून ठेवायचं व्हय?”

“आरं, टांगलीय ती मी हाय ना? मग मला इचारा की!” पत्नी उशीवरून म्हणाली. माहेरच्या माणसाशी बोलताना तिची भाषा अशीच पालटते. मग ती डॉक्टरांकडे वळली. “रोखीत आणि योजनेत, दोन्हीकडं डॉक्टर तुम्हीच का?”

“मीच.”

“मग माझी खोली बदला.”

रोखीची नोंद रद्द करून आम्ही योजनेचा अर्ज भरला आणि तिला सामान्य कक्षात हलवले. शेजारच्या पलंगावर जतकडची एक मेंढपाळ बाई होती. “भिऊ नगा, माजंबी हितंच झालंय,” ती पत्नीला म्हणाली. पत्नी हसली, मला मात्र तिच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हते. तो जरा अडखळला की मी उठून उभा राहत असे.

मेहुणा योजनेच्या टेबलापासून हलेना. “बाई, एकदा बघा की त्या काँप्युटरात.”

“काका, मी सारखं बघितल्यानं मंजुरी लवकर येत नाही,” तरुणी म्हणाली. तरीही तिने पुन्हा पाहिले.

दिवस कलल्यावर मंजुरी आली. पत्नीला आत नेले. बंद दाराबाहेर आम्ही दोघे एकाच बाकावर बसलो होतो. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. अडथळा निघाला होता आणि तिने पाणी मागितले होते.

मेहुण्याने टोपी काढून तोंड पुसले.

“दाजी, झालं ते झ्याक झालं. तुमची योजना कामी आली, न्हाई म्हणत न्हाई. पर मंजुरी उद्या आली असती तर?”

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठलो. योजना हवी, असे मी आजही म्हणतो. पण म्हणण्यापूर्वी त्याचा हा प्रश्न आता मी स्वतःच आधी मांडतो.